अमेरिकेतली जागा

ल्यूकनमधल्या आमच्या घराला सकाळी सर्वांत आधी जाग यायची ती आईमुळे. आई डंडॉकला एका कंपनीत नोकरीला होती आणि रस्त्यावर गर्दी व्हायच्या आत सुटावं म्हणून सहाच्या ठोक्याला निघायची. त्याआधी कुकरच्या तीन शिट्ट्या, मिक्सरची घरघर आणि प्रेसची दारं उघडल्या-मिटल्याचे आवाज. आयर्लंडमध्ये भिंतीतल्या कपाटाला प्रेस म्हणतात, आणि आमच्याकडे तो शब्द इतका मुरला होता की ‘डाळ वरच्या प्रेसमध्ये आहे’ यात काही वेगळं आहे हे मला पुण्याची मावशी हसली तेव्हा कळलं. आईची गाडी कोपऱ्यावरून वळली की बाबा उठायचे, चहा करायचे आणि खिडकीशी उभे राहून तो घोट घोट प्यायचे. बाबा सरकारी हॉस्पिटलमध्ये रेडिओलॉजिस्ट होते. दिवसभर अंधाऱ्या खोलीत बसून लोकांच्या हाडांचे आणि मेंदूंचे फोटो वाचायचे, म्हणून असेल, पण सकाळचा उजेड ते सोडत नसत. मी नऊ वर्षांची असताना आम्ही मिरजेहून इथे आलो. त्यामुळे माझी मराठी टिकली, पण बोलायची सवय गेली. घरात मला सगळे मराठीत विचारायचे आणि मी इंग्रजीत उत्तर द्यायची. आज मी हे मराठीत लिहितेय, याचं कारण या प्रकरणात कुठेतरी आहे असं मला वाटतं.

शाळा सुटली की मी जिम्नॅस्टिक्सच्या जिममध्ये. साडेचारपासून साडेआठपर्यंत, आठवड्यातले पाच दिवस, आणि शनिवारी सकाळी. आई मला घ्यायला यायची आणि गाडीच्या मागच्या सीटवर फॉइलमध्ये गुंडाळलेलं थालीपीठ ठेवलेलं असायचं. हाताला लागलेल्या खडूच्या पावडरीची चव आणि थालीपिठातल्या कांद्याची चव माझ्या जिभेवर कायमची एक झाली आहे. जिमचे आवाज आजही डोळे मिटून सांगता येतील: व्हॉल्टच्या फळीचा खण् असा उडता आवाज, बार सोडल्यावर त्याची थरथर, आणि बीमवर, म्हणजे वीतभरही रुंद नसलेल्या उंच तुळईवर, उघडी पावलं पडतात त्याचा जवळजवळ ऐकूच न येणारा आवाज. आमची कोच ओर्ला तो आवाज ऐकून, मान न वळवता, कुणाचं पाऊल कुठे चुकलं ते सांगायची.

आयर्लंडमध्ये अठराव्या वर्षी जिम्नॅस्ट मुलीला पुढे फारशी वाट नसते. एक-दोघी देशाच्या टीममध्ये जातात, बाकीच्या सोडतात. मी त्या एक-दोघींतली नव्हते. अमेरिकेत मात्र कॉलेजांच्या मुलींच्या टीम असतात, तिथे चार वर्षं शिकत शिकत खेळता येतं. ओर्लाने माझे व्हिडिओ तिथल्या सात-आठ कॉलेजांना पाठवले आणि एका कॉलेजच्या कोचबाईंनी उत्तर दिलं. मग त्या व्हिडिओ कॉलवर आमच्याशी बोलल्या. आई मुद्दाम लवकर आली होती. बाबा स्वयंपाकघराच्या दारात उभे होते, पडद्यावर दिसणार नाहीत असे. बाई गोड होत्या. माझ्या बीमचं कौतुक केलं. मग म्हणाल्या, “आणि शिकायचं काय आहे तुला?” मी म्हटलं, फिजिक्स आणि बायोलॉजी. शरीर हवेत असताना त्याचं काय होतं हे मला समजून घ्यायचं आहे. त्या हसल्या. “छान. पण प्रॅक्टिकल सगळी दुपारी असतात आणि आपला सरावही दुपारी. आमच्या मुली बहुतेक वेळेत बसेल असं काहीतरी निवडतात.”

फोन बंद झाल्यावर बाबा आत आले. “वेळेत बसेल असं काहीतरी,” ते म्हणाले. “हे शिक्षणाबद्दल बोलत होत्या त्या?”

“अहो, तिला घेतायत ते बघा ना आधी,” आई म्हणाली.

“मी बघतोय. चार वर्षांनी ती बावीसची होईल, उड्या मारणं संपेल. मग हातात काय असेल, तेही बघतोय.”

मी इंग्रजीत म्हणाले की मी दोन्ही जमवीन. बाबा कधी ओरडत नसत, आणि ओरडले असते तर बरं झालं असतं असं मला तेव्हा वाटायचं. ते फक्त म्हणाले, “जमेल तर मला आनंदच आहे. जमेल का, हे मात्र तू स्वतःला खरं खरं विचार.”

मी स्वतःला विचारू शकत नव्हते, कारण उत्तर मला ठाऊक होतं. उन्हाळ्यापासून माझी कंबर दुखत होती. मागे वाकलं की मणक्याच्या डाव्या बाजूला, बोट ठेवून दाखवता येईल अशा एका जागी, सुरी टोचल्यासारखं व्हायचं. आधी सरावानंतर दुखायचं, मग सरावात, मग शाळेच्या बाकावर बसल्या बसल्या. ओर्लाने दोनदा विचारलं आणि दोन्ही वेळा मी “ग्रँड”, म्हणजे मस्त आहे, असं म्हणाले. आयर्लंडमध्ये या एका शब्दाच्या मागे माणूस काहीही लपवू शकतो.

त्या सप्टेंबरात आबा आले. आबा म्हणजे बाबांचे वडील. सांगलीकडच्या एका शाळेत तीस वर्षं खेळाचे मास्तर होते, मल्लखांब शिकवायचे. त्यांना तीन महिन्यांचा व्हिसा मिळाला होता. पहिल्या आठवड्यात थंडीने बेजार झाले, मग बाबांचा जुना कोट चढवून रोज सकाळी आमच्या इस्टेटीला, म्हणजे घरांच्या वसाहतीला, दोन फेऱ्या मारायला लागले. सगळी घरं सारखी, म्हणून एकदा शेजाऱ्यांच्या दारात किल्ली लावत उभे राहिले. दुकानातून ज्वारीचं पीठ आणून त्यांनी स्वतः भाकरी थापली, आणि गरम भाकरीवर आयरिश लोणी घालून मला दिली. “लोणी झ्याक हाय हितलं,” म्हणाले. घरात दिवसा माणूस असण्याची आम्हाला सवयच नव्हती. शाळेतून बॅग बदलायला यायची तेव्हा दार आतून उघडायचं, आणि ते इतकं बरं वाटायचं की मी पाच मिनिटं उगाच रेंगाळायची.

शनिवारी आबा माझ्याबरोबर जिममध्ये यायचे. वरच्या गॅलरीत आयांच्या रांगेत, कॉफीचे कप घेतलेल्या बायकांमध्ये, टोपी मांडीवर ठेवून ताठ बसायचे. दुसऱ्या की तिसऱ्या शनिवारची गोष्ट. परतताना बसस्टॉपवर आम्ही दोघंच होतो, भुरभुर पाऊस होता. आबा समोर बघत म्हणाले, “डाव्या कंबरंला काय झालंय तुज्या?”

“काही नाही.”

“उतरताना उजव्या पायावर भार घेतीस. बीमवर मागं जायच्या आधी श्वास धरतीस. मी तीस वर्षं हेच बगत आलोय, पोरी.”

मी रडले नाही, रागावले. म्हणाले, हे मल्लखांब नाहीये, तुम्हाला यातलं काय कळतं? बस आली, आम्ही तिच्या वरच्या मजल्यावर जाऊन बसलो. चार स्टॉप गेल्यावर मी आपणहून सगळं सांगितलं. कधीपासून, कुठे, किती. मग आबा म्हणाले, “तुजा बाप ह्यातलाच डॉक्टर हाय. त्याला सांग.”

“ते सगळं बंद करतील.”

“करंल. का करंल त्येबी तुला कळतंय.”

“तुम्ही सांगणार?”

“मी सांगितलं तर तू मला चहाडखोर म्हनशील आन् त्यो तुला खोटारडी म्हनंल. तू सांगितलंस तर निदान तू सांगितलंस असं हुईल. मी जायच्या आत सांग. शब्द दे.”

मी शब्द दिला. पुढे कितीतरी वर्षं मी विचार केला आहे की त्यांनी तेव्हा सरळ बाबांना का सांगितलं नाही. मला आता वाटतं, त्यांनी आयुष्यभर मुलांना उंचावर चढवलं होतं, आणि चढणाऱ्यावर विश्वास ठेवल्याशिवाय ते काम होत नाही. माझ्याबाबतीत तो विश्वास चुकला, एवढंच.

नोव्हेंबरात अमेरिकेहून कागद आले. जागा देऊ केल्याचं पत्र आणि तब्येतीचा फॉर्म. गेल्या वर्षभरात मान, खांदा, पाठ, गुडघा, घोटा दुखावला का, असे अकरा प्रश्न आणि प्रत्येकापुढे होय किंवा नाही. मी स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून अकराही ‘नाही’वर खुणा केल्या. आबा शेजारी मटार सोलत होते. त्यांना इंग्रजी बेताचंच यायचं. “कसला कागद?” त्यांनी विचारलं. मी म्हटलं, कॉलेजचा. मी अठराची नव्हते, म्हणून खाली पालकांची सही हवी होती. बाबा ड्यूटीवरून आले, अजून कोट अंगातच होता. “नीट भरलंस ना सगळं?” म्हणाले आणि सही केली. मटाराचे दाणे पातेल्यात पडल्याचा टपटप आवाज मला आठवतो. सही करताना बाबांनी वर पाहिलं नाही, याचं मला हायसं वाटलं, तेही आठवतं.

डिसेंबरात आम्ही आबांना विमानतळावर सोडायला गेलो. आई चेक-इनच्या रांगेत होती, बाबा पार्किंगच्या तिकिटाचं काहीतरी बघायला गेले. आबा माझ्याकडे वळले. “सांगितलंस?”

“हो,” मी म्हणाले. “बाबा म्हणाले विश्रांती घेतली की बरं होईल. पण तुम्ही काढू नका विषय, ते आधीच चिडलेत माझ्यावर.”

ते मी मराठीत म्हणाले. अगदी सहज, एकही शब्द न अडखळता. आबांचा चेहरा इतका मोकळा झाला की मला तिथून पळून जावंसं वाटलं. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. “शाणी गं माजी बाय,” म्हणाले.

लीव्हिंग सर्ट ही आपल्या बारावीसारखी परीक्षा जूनमध्ये असते आणि तिची सराव परीक्षा फेब्रुवारीत. सराव परीक्षा संपल्याच्या दुसऱ्याच दिवशी मी जिममध्ये गेले. बीमवर मागे कमान टाकताना आतून टक् असं काहीतरी झालं आणि मी खाली गादीवर आले. पडण्यात विशेष काही नव्हतं, शंभरदा पडले असेन. पण मला उठता येईना. ओर्ला शेजारी गुडघे टेकून बसली आणि मी सवयीने “ग्रँड, ग्रँड” म्हणत राहिले. शेवटी तिने माझ्या तोंडावर हळूच हात ठेवला आणि म्हणाली, “केतकी, पुरे आता.”

स्कॅन बाबांच्याच हॉस्पिटलमध्ये झाला. रिपोर्ट दुसऱ्या डॉक्टरांनी करायचा होता, पण त्यांनी बाबांना आत बोलावून फोटो दाखवले. बाबा बाहेर आले तेव्हा मी चाकाच्या खुर्चीत होते. ते समोरच्या बाकावर बसले. त्यांचा आवाज अगदी हळू होता.

“मणक्यात भेग आहे. कालची नाही. तिच्या कडा गुळगुळीत झाल्यात. निदान सहा महिन्यांची आहे.”

मग ते माझ्याकडे बघून म्हणाले,

“त्या फॉर्मवर माझी सही आहे, केतकी. डॉक्टर म्हणून नाही. बाप म्हणून.”

त्या क्षणी मी खरं बोलायला हवं होतं. पण मी भेदरले होते, आणि भेदरलेला माणूस हाताला येईल ते पुढे करतो. मी म्हणाले, “आबांना माहीत होतं.”

घरी आल्यावर बाबांनी सांगलीला फोन लावला. मी सोफ्यावर पडून होते, कमरेला पट्टा होता, आणि फोन स्पीकरवर होता. बाबांना मी वडिलांशी तसं बोलताना कधी ऐकलं नव्हतं. तुम्ही मास्तर आहात, तुम्हाला कळायला हवं होतं, माझ्या घरात राहून तुम्ही माझ्यापासून हे लपवलंत, ती कायमची अधू झाली असती तर? पलीकडे काहीच आवाज नव्हता. मला वाटलं फोन कट झाला. मी डोळे मिटून वाट बघत होते, आबा आता म्हणतील, ‘अरे, तिनं तर मला सांगितलं की तुला कळवलंय.’ एका वाक्यात ते सुटले असते. मग आबांचा आवाज आला. “व्हय. माहीत हुतं मला. चुकलं माजं.” आणि थोड्या वेळाने, “पोर कशी हाय?”

बाबांनी फोन ठेवला.

त्यानंतरचे दीड महिने आमच्या घरात जे वातावरण होतं, त्याला मला नाव देता येत नाही. कुणी भांडत नव्हतं. आई डंडॉकला जात होती, कुकरच्या शिट्ट्या होत होत्या, मी कठीण पाठीच्या खुर्चीत बसून अभ्यास करत होते. फक्त बाबा सांगलीला फोन करत नव्हते. आई करायची, ते घरात नसताना. अमेरिकेतल्या बाईंना कळवायला बाबांनी मला सांगितलं होतं, आणि मी कळवलं, की परवा सरावात पडले आणि मणक्याला लागलं. परवा. त्यांचं प्रेमळ उत्तर आलं. असं होतंच, आमच्याकडे चांगले डॉक्टर आहेत, जागा तुझीच आहे, ऑगस्टमध्ये ये. मी ते पत्र दहा वेळा वाचलं. वर्षभर ज्यासाठी जीव टाकला ते हातात होतं, आणि ते त्या ‘परवा’वर उभं होतं.

पाडवा त्या वर्षी सुट्टीच्या दिवशी आला. बाहेर वारा होता म्हणून आईने गुढी आत, मागच्या बागेकडच्या काचेच्या दाराशी उभी केली होती. श्रीखंड केलं होतं. बाबांची ड्यूटी होती, ते बूट घालत होते. आईने आबांना फोन लावला आणि स्पीकर चालू केला, बहुधा मुद्दामच. आबांनी सगळ्यांना शुभेच्छा दिल्या, गुढी उभारली का विचारलं, मग म्हणाले, “सुधीर हाय का गं घरात?” सुधीर म्हणजे बाबा. बाबा दोन हातांच्या अंतरावर होते. त्यांनी किल्ल्या उचलल्या आणि दार ओढून घेऊन बाहेर गेले. ते दार लागल्याचा आवाज फोनवर सांगलीपर्यंत ऐकू गेला असणार. आबा म्हणाले, “असू दे. कामाला चालला असंल.”

मी उठले. पट्ट्यामुळे पळता येत नव्हतं. मोज्यांनिशीच ओल्या अंगणात गेले आणि गाडीच्या काचेवर हात मारला. बाबांनी काच खाली केली. मी बोलायला लागले, आणि सुरुवातीपासून शेवटपर्यंत मराठीत बोलले. का ते माहीत नाही. कदाचित खोटं ज्या भाषेत बोलले होते तिच्यातच ते फेडायचं होतं. बसमध्ये काय झालं, शब्द काय दिला, विमानतळावर काय सांगितलं.

“मी पार्किंगला गेलो होतो तेव्हा?” बाबांनी विचारलं.

“हो.”

“म्हणजे त्यांना वाटत होतं मला सगळं माहीत आहे.”

“हो.”

“आणि मी फोनवर इतकं बोललो, तरी ते...” वायपर काचेवर कोरडे घासत होते, पाऊस थांबला होता, ते बंद करायचं त्यांच्या लक्षात येत नव्हतं. मग म्हणाले, “अमेरिकेतल्या बाईंना काय लिहिलंस?”

मी तेही सांगितलं.

“संध्याकाळी मी येईन, तोपर्यंत तू त्यांना खरं लिहिलेलं असलं पाहिजे. मी वाचणार नाही. लिहिलं म्हणालीस की मी मानेन.” मग माझ्या पायांकडे बघून म्हणाले, “आत जा. मोजे भिजलेत.”

त्यांनी आबांना हॉस्पिटलच्या आवारातून, गाडीतूनच फोन केला, हे मला नंतर आईकडून कळलं. काय बोलले ते मला कुणी सांगितलं नाही, आणि आज सांगणारं कुणी उरलेलं नाही.

चार ओळी लिहायला मला दिवस लागला. उत्तर तीन दिवसांनी आलं आणि तेही छोटंच होतं. खरं सांगितल्याबद्दल आभार, लवकर बरी हो, पण फॉर्म चुकीचा भरलेला असल्यामुळे जागा ठेवता येणार नाही. मी ते आईला दाखवलं. आईने मला जवळ घेतलं आणि माझ्याआधी तीच रडली. इथल्या कॉलेजांसाठी एकच सामाईक फॉर्म असतो, पसंतीच्या क्रमाने कोर्स लिहायचे. फेब्रुवारीत तो मी बाबांच्या समाधानासाठी डोळे मिटून भरला होता. आता पुन्हा उघडला आणि पहिल्या ओळीत मेनूथच्या कॉलेजातला विज्ञानाचा कोर्स लिहिला. घराजवळ होतं, आणि दुपारची प्रॅक्टिकल करायला आता माझी दुपार मोकळी होती. मी ते निवडलं असं म्हणायला माझी जीभ अजून रेटत नाही. माझ्याजवळ तेवढंच उरलं होतं. पण सप्टेंबरात तिथल्या प्रयोगशाळेत, वर फेकलेली वस्तू कशी फिरते याची गणितं समोर आली तेव्हा वर्गातल्या इतरांना ती शिकावी लागली आणि मला फक्त ओळखावी लागली. स्पर्धेत मी पुन्हा कधी उतरले नाही. त्याचं दुःख गेलं असं लिहिलं तर ते खोटं होईल.

आबांना फोन करायला मात्र मला जून उजाडला. शेवटचा पेपर झाला त्या दुपारी मी बागेत खुर्ची टाकून बसले आणि नंबर लावला. काय बोलायचं ते पाठ केलं होतं. त्यांनी फोन उचलल्यावर मी म्हणाले, “आबा, मी तुमच्याशी खोटं बोलले, आणि नंतर...”

“झालं ते,” त्यांनी मला अडवलं. “तुज्या बापानं सांगितलंय समदं. पेपर कसं गेलं?”

“बरे गेले. आबा, तुम्ही त्या दिवशी सांगितलं का नाही त्यांना?”

पलीकडे कुठेतरी रिक्षा गेली, कुणीतरी कुणाला हाक मारली.

“तू सोफ्यावर पडली हुतीस,” ते म्हणाले. “कंबर मोडून. त्यात आनि म्या कुठं...” मग आवाज बदलला, मास्तरांचा झाला. “ते ऱ्हाऊ दे. आता मला सांग. खरं सांग. आज दुखतंय का?”

“हो,” मी म्हणाले. “दुखतंय.”

“कुठं?”

आणि मी सांगायला लागले.